शेऱ्याचा रकाना

माझ्या आईला सही करता येत नव्हती. पण पेण ते रोहा या टापूत कोणाची मुलगी माहेरी येऊन बसलीय, कोणाचा जावई दारू सोडतोय आणि कोणाच्या शेतात खाऱ्या पाण्याचा बांध फुटलाय, हे तिला सगळ्यांत आधी कळायचं. धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. आई सुकी मासळी विकायची. सुकट-बोंबलाची टोपली घेऊन पेणला यायचं, लाल गाडीत चढायचं आणि रोह्याच्या बाजारात जाऊन बसायचं, असा तिचा आठवड्यातून दोनदा शिरस्ता. शाळेला दांडी मारून मी कित्येकदा तिच्याबरोबर गेलोय. गाडीत टोपलीच्या वासानं लोक नाकाला रुमाल लावायचे, आणि नागोठणं येईपर्यंत तेच लोक तिला आपल्या घरचं सगळं सांगून मोकळे व्हायचे.

ती कधी प्रश्न विचारत नसे. ती चुकीचं बोलायची, तेही मुद्दाम. "तुजी पोर पनवेलला दिली, बरा झाला गो," असं शेजारच्या बाईला ठणकावून सांगायची. पोर दिलेली असायची माणगावला. झालं, ती बाई चूक दुरुस्त करायला सरसावायची आणि माणगाव, सासू, जावई, जावयाची सुटलेली नोकरी, सगळं एका दमात बाहेर पडायचं. असं खोटं का बोलतेस म्हणून मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "इचारलं का मानूस गप होतो. चुकीचं बोल, मंग तोच सुधरवायला येतो."

पुढे फौजेत हीच गोष्ट शिकवायला साहेब लोकांनी मोठा कोर्स ठेवला होता. जाडजूड इंग्रजी पुस्तक, फळ्यावर बाण आणि चौकोन. मी मागच्या बाकावर बसून हसू दाबत होतो. सुट्टीवर आल्यावर आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. सरकार याचा पगार देतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मी भरती झालो पायदळात. फार बडबड करतो म्हणून तिथे आधी शिक्षा झाली आणि नंतर त्याच बडबडीमुळे मला गुप्तवार्तेच्या कामाला उचललं. लोकांना वाटतं, या कामात काळा चष्मा आणि दुर्बीण असते. माझी निम्मी नोकरी चहा पिण्यात गेली आणि उरलेली निम्मी त्या चहाचं लिहून काढण्यात. डोंगरातल्या पोस्टांवर होतो. कुठल्या ते सांगत नाही, जुनी सवय आहे. गावागावांतून फिरायचं, माणसं जोडायची, आणि आमच्या पोस्टवर कामाला येणारे हमाल, खेचरवाले, न्हावी यांच्यात कोणी भलत्याचा माणूस तर नाही ना, ते बघायचं. एवढंच काम, पण ते जमायला दहा वर्षं जातात.

आमच्याकडे एक लांबट वही असे. माणसाचं नाव, गाव, काम, कोणाकडून ओळख, काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. थंडीत पेनातली शाई गोठायची म्हणून सगळं शिसपेन्सिलीनं लिहायचं, खाली कार्बन. रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसून मी शेरा लिहायचो तेव्हा बोटं काळी आणि पाठ गार असायची. त्या वहीची मला फार आठवण येते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बाकीचे रकाने कोणीही भरील. शेऱ्यात मात्र लिहिणाऱ्याची अक्कल दिसायची.

एकदा एका हमालावर माझा संशय गेला. आठवडाभर आपल्या घरी झोपलो असं तो सांगत होता, पण त्याचं कांबळं मला दोन गावं पलीकडच्या एका घरात दिसलं. त्या थंडीत कांबळं सोडून माणूस झोपेल कसा? म्हणजे गडी खोटं बोलतोय. मी दोन तास चढून त्या घरी गेलो, चुलीपाशी बसलो, आईसारखं चुकीचं बोललो, आणि उलगडा झाला. त्याची बायको बाळंतपणाला बहिणीकडे होती. नवऱ्यानं आपलं कांबळं तिला पाठवलं होतं आणि स्वतः घरी गवतात झोपत होता. मी शेरा लिहिला: "कांबळं बायकोकडे. बायको बाळंतीण. माणूस सरळ." तेवढ्यावर त्याचं काम टिकलं.

मग यंत्रं आली. त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. वहीच्या जमान्यात खालून वर निरोप खेचराच्या पावलानं जायचा. एकदा माझा निरोप दोन दिवस उशिरा पोचला, त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या घरानं मोजली. ते घर मी पाहून आलोय. त्यामुळे पाटीएवढ्या टॅबवर अंगठा टेकवला की माणसाची ओळख पटते, त्याची बोली आपल्याला येत नसली तरी यंत्र ती समजावून देतं, आणि चहा संपायच्या आत अहवाल वर पोचतो, हे बघून मला बरंच वाटलं होतं.

शेवटची काही वर्षं मी प्रशिक्षण केंद्रात शिकवायला होतो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तिथे एकदा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर आले. आमच्या डोक्यातलं त्यांना टॅबमध्ये घालायचं होतं. एसीची खोली, बिस्किटं, अदबीनं बोलणारी हुशार मंडळी. माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कसं ओळखता, असं त्यांनी मला विचारलं. एवढ्या नोकरीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझी कळी खुलली आणि मी दोन दिवस अखंड बोललो.

कांबळ्याची गोष्ट त्यांना भलतीच आवडली. माणूस एकीकडे आणि त्याची रोजची वस्तू दुसरीकडे असेल तर थांबा आणि विचारा, असं मी टेबलावर बोट आपटून सांगितलं. त्यांनी कांबळ्याच्या जागी फोन घातला. प्रश्न तयार झाला: संबंधित व्यक्तीचा फोन त्या व्यक्तीजवळच आहे का? हो किंवा नाही. 'नाही' आलं की लाल खूण, म्हणजे माणूस अडकला.

मग शेऱ्याच्या रकान्याचा विषय निघाला. मोकळं लिहिलेलं यंत्राला नीट कळत नाही, असं ते म्हणाले, आणि शिवाय नवे जवान तिथे "विशेष काही नाही" एवढंच लिहितात. ते खरंच होतं, त्यावरून मीच त्यांना झापायचो. तरी मी 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. कांबळ्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. संशय कसा आला ते रंगवून सांगितलं, आणि तो माणूस शेऱ्यामुळे सुटला हे सांगायचं राहून गेलं. जेवायची वेळ झाली होती, सगळे मला गुरुजी, गुरुजी करत होते. मी म्हणालो, काढून टाका. निवृत्तीच्या वेळी या कामाबद्दल मला मानचिन्ह मिळालं. ते माझ्या शोकेसमध्ये आहे.

निवृत्त झाल्यावर मी पेणला घर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी मूर्तींचा कारखाना आहे, त्यामुळे वर्षातले निम्मे महिने न रंगवलेले गणपती ओलांडूनच घरी यावं लागतं. शेजारचं घर खाडीकाठच्या जुन्या मुसलमान कुटुंबाचं. घरधनी बार्जवर सारंग आहेत, म्हणजे बार्जवरच्या खलाशांचे मुख्य. धरमतरच्या जेटीवरून निघायचं, बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांतून माल घ्यायचा आणि भरतीबरोबर परत यायचं. मी त्यांना भाई म्हणतो आणि त्यांच्या बायकोला भाभी. त्यांचा मुलगा कतारला. मुलगी नर्स, सकाळच्या गाडीनं रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात जायची. माझी बायको गेली त्या वर्षापासून भाभींच्या घरातून भिंतीवरून ताटली येऊ लागली. तांदळाची भाकरी आणि माशाचं सालन. मी रिकामी ताटली कधी परत केली नाही, निदान चार पेरू तरी ठेवायचो.

आमच्या खाडीपट्ट्यात एक रीत आहे. आखातात जाणारा माणूस इथलं सिमकार्ड घरी ठेवून जातो. नंबर चालू राहावा, बँकेचे मेसेज घरी यावेत, आणि गेलेल्या पोराचं काहीतरी घरात वाजत राहावं म्हणूनही असेल. भाईंचा स्वतःचा फोन एकदा जेटीवरून पाण्यात पडला, तेव्हापासून ते मुलाचाच फोन आणि नंबर वापरतात. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. मलाही होतं.

गेल्या वर्षी त्या मुलीची लष्कराच्या नर्सिंग सेवेत निवड झाली. भाभींनी सांदणं केली आणि गल्लीभर वाटली. मुलीनं रोह्याची नोकरी सोडली. आता फक्त पडताळणी व्हायची होती. फॉर्मवर भावाचा पत्ता विचारला होता, तिथे तिनं कतारचा लिहिला. भावाचा नंबर विचारला होता, तिथे तोंडपाठ असलेला घरचा नंबर लिहिला. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बहिणीनं तेच केलं असतं.

तिच्याबरोबरच्या मुलींची पत्रं आली. हिचं काही येईना. महिनाअखेरीपर्यंत हजर झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. सकाळी गाडीच्या वेळेला ती सवयीनं आंघोळ करून, वेणी घालून तयार व्हायची आणि मग ओट्यावर बसून राहायची. रोह्याची गाडी गेल्याचा भोंगा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतो. तो वाजला की ती आत जायची. मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी भाभी ताटली न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या नावामुळं असंल. दुसरं काय असणार?"

मी त्यांना बसवलं आणि पडताळणीवाल्यांनी नेमकं काय विचारलं ते काढून घेतलं. दोनदा फोन आला होता. दोन्ही वेळा विषय एकच: भाऊ कतारला असेल तर त्याचा फोन रोज समुद्रातल्या जहाजांपर्यंत जाऊन परत कसा येतो? बापाला यात ओढायला नको म्हणून मुलगी घाबरून म्हणाली होती, मला माहीत नाही. ऐकता ऐकता माझे कान गरम झाले.

"नावाचं नाय, भाभी," मी म्हणालो. "नंबरचं हाय. आणि तो प्रश्न माझा हाय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कांबळं, इंजिनियर, आता प्रत्येक पडताळणीला वापरतात ते त्यांचं यंत्र, शेऱ्याचा रकाना, शोकेसमधलं मानचिन्ह. जे जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या बाईला पंधरा मिनिटांत सांगून बसलो. नावाचा काहीच संबंध नसेल अशी खात्री मी आजही देऊ शकत नाही, पण लाल व्हायला माझा प्रश्न पुरेसा होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग तुमीच सोडवा," एवढं म्हणाल्या आणि ताटली घेऊन गेल्या. नावामुळं असंल, हे त्या मुद्दाम चुकीचं बोलल्या होत्या की त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मला कळलेलं नाही. आई असती तर तिला कळलं असतं.

मी जुन्या ऑफिसात एक फोन केला. आठवड्याच्या आत एक हवालदार मोटरसायकलवरून गल्लीत आला. माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं आधी उस्ताद म्हणून पाय धरले आणि मग कामाला लागला. तो धरमतरला गेला, जेटीवर भाईंना भेटला, त्यांच्या हातातला फोन बघितला, बार्जच्या वेळा ताडून पाहिल्या. परत आला तेव्हा त्याच्या मनात काही शंका उरली नव्हती. माझ्या पुढच्या खोलीत बसून त्यानं टॅब उघडला आणि एकेक रकाना खालीवर सरकवून पाहिला.

"उस्ताद, मला सगळं कळलंय," तो म्हणाला. "पण हे लिहू कुठं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. फोन त्या व्यक्तीजवळ आहे का, या प्रश्नाला खरं उत्तर 'नाही' होतं आणि त्यापुढे यंत्राला काही ऐकायचं नव्हतं. एक वाट होती. त्या घराला बरीच वर्षं ओळखणाऱ्या जवळच्या माणसाची सोर्स म्हणून नोंद करायची. त्याचा चेहरा, त्याचा अंगठा, त्याच्या आवाजातलं दोन मिनिटांचं निवेदन. ते वर गेलं की लाल निघतं. मात्र एकदा झालेली नोंद पुसली जात नाही.

याचा अर्थ मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होता. डोंगरातल्या शेकडो माणसांच्या खांद्यावर हात ठेवून मी सांगितलंय, तुझं नाव कुठे येणार नाही. ते खरंही होतं, कारण मुदत संपली की वह्या जाळायचो. इथे काही जळणार नव्हतं. आज मी चांगलं बोलणार, पण उद्या आणि परवाही मलाच विचारणार: त्या घरात कोण आलं, कोण गेलं. भाकरीची ताटली घेणारा मी, त्या घरावर ठेवलेला माणूस होणार होतो. एकट्या माणसाला एक शेजार हीच मोठी गोष्ट असते, आणि तो हातचा जाईल या भीतीनं मी हवालदाराला दहा मिनिटं नुसता चहा पाजत बसलो.

शेवटी मी उठून भाभींकडे गेलो. भाई बार्जवर होते. हे असं असं होईल, आणि कायमचं होईल, असं मी आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. भाभींनी तिच्याकडे एकदा बघितलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "नायतरी खिडकीतून बगताच की तुमी."

त्या हसल्या, मीही हसलो. मी घरी येऊन अंगठा टेकवला. पहिल्यांदा तो लागला नाही, तेव्हा हवालदारानं आपल्या रुमालानं माझा अंगठा पुसला, जसे यंत्रं आल्यावर मी लोकांचे पुसले होते. मग मी बोललो. मुलगा कतारला आहे, फोन बापाकडे आहे, सिम घरी ठेवायची इकडची रीत आहे. माणसं सरळ आहेत.

महिना संपायला चार दिवस असताना पत्र आलं. मुलीला पोचवायला आम्ही सगळे पेण स्टेशनवर गेलो. भाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा सुट्टी घेतली होती आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. येते काका, म्हणून ती माझ्या पाया पडली, आणि मला कोणी मानचिन्ह दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

पंधरा दिवसांनी भाभींच्या घराच्या माझ्याकडच्या खिडकीला पडदा लागला. जाड, निळा. ताटली येत राहिली, पण भिंतीवरून येणं बंद झालं. भाई घरी असले की पुढच्या दारानं आणून द्यायचे, हवापाण्याचे दोन शब्द बोलायचे आणि जायचे. भाभी दिसल्या तर डोक्यावरचा पदर सारखा करून, बरं हाय ना भाऊ, म्हणून पुढे. मी कोणाला काय म्हणणार? माझ्या अंगठ्याची ती किंमत होती आणि ती मी आधीच हिशेबात धरली होती. तरी संध्याकाळी त्या निळ्या कपड्याकडे बघून मला रडू यायचं. साठीच्या माणसानं हे लिहू नये, पण तसं व्हायचं.

यंदा माझ्या फोनवर निरोप आला. नोंद असलेल्या सोर्सला वर्षानं येतो तसा. शेजारच्या घराबाबत काही नवीन? हो किंवा नाही.

मी फोन हातात घेऊन सरळ भाभींच्या दारात गेलो. असा निरोप कोणाला दाखवायचा नसतो, हे मीच शिकवत आलो होतो. मला विचारायचं एवढंच होतं की हे घर मला तुटलं का. पण ते शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. मग आई आठवली.

"भाभी," मी म्हणालो, "उन्हासाठी पडदा लावलात, बरं केलंत."

त्यांनी पोळपाटावरून हात काढला.

"तिकडनं ऊन येतच नाय, भाऊ. तुमाला ठावं हाय." मग हात पुसून त्या म्हणाल्या, "पडदा तुमच्यासाठी नाय. तुमच्या मागून जो बगतो ना, त्याच्यासाठी हाय."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांना निरोप वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत 'नाही' दाबलं. त्यांनी चहा टाकला. मग त्यांनीच विचारलं, तो शेऱ्याचा रकाना हाय का त्यात? नाही, मी म्हणालो, पण घरी एक कोरी लांबट वही ठेवलीय. घेऊन या, म्हणाल्या.

मी वही आणि शिसपेन्सिल घेऊन आलो. काय लिहू, म्हणून त्यांनाच विचारलं.

"लिवा, पडदा हाय. चा देतात. पोरगी सुट्टीला येनार हाय."

मी तसंच लिहिलं, आणि खाली माझ्याकडून एक ओळ घातली: माणसं सरळ. वाचा, म्हणाल्या. मी वाचलं. एवढ्या वर्षांत ज्याच्याबद्दल लिहिला त्यालाच वाचून दाखवलेला हा माझा पहिला शेरा.